शेवटच्या शब्दातले सत्य
सदर : वाणी आणि वाणिज्य



चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या सांगलीच्या पेढीवरून हळकुंडांचा एक कंटेनर जपानला रवाना झाला. ओसाका परिसरातील एका मसाला कारखान्याची ती तिसरी मागणी होती. न्हावाशेवा बंदरातून जहाज सुटले त्याच दिवशी कारखान्याचे पत्र आले : माल आमच्या हाती केव्हा येईल? मामंजींनी मराठीत एक ओळ सांगितली, "पंधरा तारखेपर्यंत पोहोचेल." माझ्या धाकट्या दिरांनी ती ओळ मोबाइलमधील भाषांतराच्या साधनात घातली. जपानी अक्षरे उमटली. ती तशीच पुढे गेली.

वाटेतल्या बंदरात जहाज बदलताना कंटेनर अडकला आणि चोवीस तारखेला पोहोचला. तिकडे सोळा तारखेपासून दळणाची यंत्रे आमच्या मालासाठी मोकळी ठेवलेली होती, माणसे लावलेली होती. कारखान्याच्या पत्रात रागाचा एकही शब्द नव्हता. मालाची तपासणी नीट झाली, रक्कम ठरल्या दिवशी जमा झाली. पुढच्या हंगामात मात्र मागणी आली नाही.

मामंजींना नफा बुडाल्याचे दुःख नव्हते. "आपल्या पेढीवर शब्द म्हणजे हुंडी. दाखवली की सकारावी लागते. आपण खोटे बोललो का?" एवढेच ते विचारीत राहिले. उत्तर आमच्यापाशी नव्हते.

ते मिळाले कोबे येथे. त्या नगराशी आपल्या समाजाचा जुना संबंध आहे. मोत्यांच्या व्यापारासाठी गेलेली कुटुंबे तेथे स्थिरावली आणि कितानो भागात १९८५ साली जिनमंदिर उभे राहिले. मोत्यांच्या पेढीवर आयुष्य घालवलेले आमचे एक नातलग तेथे असतात. आमचे ते जुने पत्र त्यांना दाखवले. त्यांनी शेवटच्या शब्दावर बोट ठेवले. "काकांनी अंदाज सांगितला होता," ते म्हणाले, "पण कागदावर वचन गेले."

तो शब्द होता 'त्सुकिमास्', म्हणजे 'पोहोचते'. त्या एका शब्दामुळे मी जपानी शिकू लागले. मराठी भाषेतील 'पोहोचेल' मध्ये अंदाजाची ओल असते. 'पोहोचणार' म्हटले की ती बरीच सुकते. दोन्हींतला फरक आपण शाळेत न जाताही ओळखतो. जपानी क्रियापदाला आपल्यासारखा निराळा भविष्यकाळ नाही. वर्तमान आणि भविष्य दोन्हींसाठी एकच रूप चालते आणि ते रूप पुढे काही न जोडता उच्चारले की विधान ठाम होते. 'पंधरा तारखेपर्यंत त्सुकिमास्' ही दर्शनी हुंडीच. आम्ही ती नकळत लिहून दिली होती.

मग अंदाज सांगायचा असेल तर? त्यासाठी जपानी भाषा वाक्याच्या शेवटी एक शेपूट जोडते. आपल्याप्रमाणेच त्या भाषेत क्रियापद शेवटी येते आणि ही शेपटी क्रियापदाच्याही मागे लागते. म्हणून सारे वाक्य ऐकून घेतल्यावाचून बोलणाऱ्याची खात्री किती, हे कळत नाही. चांगला वक्ता आरंभी इशारा देतो : 'कित्तो' म्हणजे खचित, 'ताबुन' म्हणजे बहुधा, 'मोशिकाशितारा' म्हणजे न जाणो. तथापि हे शब्द म्हणजे दारावरची पाटी, निवाडा शेवटीच.

आमच्याच कंटेनरचे उदाहरण घेऊन या शेपट्या पाहू.

'त्सुकु कामोशिरेमासेन.' पोहोचेलही, न पोहोचेलही. या शेपटीची फोड केली तर 'असे की काय, हे कळू शकत नाही' असा अर्थ निघतो. अज्ञानाची कबुली शब्दातच विणलेली आहे. हिचा उपयोग ग्राहकाला सावध करण्यासाठी होतो, आश्वासनासाठी नाही.

'त्सुकु देशो.' पोहोचेल, असे वाटते. घरगुती बोलण्यात हिचेच रूप 'दारो'. कामोशिरेमासेनपेक्षा हिचा कल होकाराकडे अधिक. मात्र प्रश्नासारखा सूर चढवून 'देशो?' म्हटले की अर्थ बदलतो आणि 'होय ना?' अशी संमती मागितली जाते. एकाच शब्दाचे वजन सुरावर ठरते, हे दूरध्वनीवर सौदा करणाऱ्याने लक्षात ठेवावे.

'त्सुकु हाझु देस्.' हिशेबाप्रमाणे पोहोचायला हवे. हा शब्द मला सर्वांत प्रिय आहे. 'हाझु' म्हणजे मुळात बाणाच्या मागच्या टोकाची खाच, जिच्यात धनुष्याची दोरी बसते. दोरी आणि खाच जशी एकमेकींत चपखल बसतात, तशी कारणांवरून निघालेली अपेक्षा. जहाज अमुक दिवशी सुटले, प्रवास इतक्या दिवसांचा, म्हणून माल अमुक दिवशी पोहोचायला हवा. 'हाझु' म्हणणारा माणूस आपला हिशेब दाखवायला तयार असला पाहिजे. तारीख टळली तर 'हाझु देशिता', पोहोचायला हवे होते, असे म्हणता येते. त्यात चुकीची कबुली असते, असत्याचा ठपका नसतो.

आणि एक बारकावा. हा शब्द स्वतःच्या इच्छेच्या कामाला लावत नाहीत. आपल्याच गोदामातून माल आपण उद्या पाठवायचा असताना 'पाठवला जायला हवा' म्हटले, तर ऐकणारा मनात म्हणेल, मग पाठवणार कोण? स्वतःच्या संकल्पासाठी 'त्सुमोरि' आणि आखलेल्या कार्यक्रमासाठी 'योतेइ' असे निराळे शब्द आहेत. 'त्सुकु योतेइ देस्', म्हणजे वेळापत्रकाप्रमाणे पोहोचणे ठरले आहे. जहाज कंपनीने दिलेली तारीख कळवायची असेल तर हाच शब्द योग्य. मामंजींच्या त्या ओळीसाठी खरे तर हाच हवा होता.

'त्सुकु नि चिगाइ आरिमासेन.' पोहोचणारच, यात अंतर नाही. ऐकायला ही सर्वांहून भक्कम शेपटी, पण येथेच खरी गंमत आहे. हिचे वजन साध्या 'त्सुकिमास्'पेक्षा कमी भरते. मराठीतही तसेच नाही का? 'गोदामात माल आहे' आणि 'गोदामात माल नक्कीच असणार' यांपैकी कोणत्या वाक्यावर तुम्ही पैसे मोजाल? 'नक्कीच' म्हणणाऱ्याने गोदाम उघडून पाहिलेले नाही, हे त्या शब्दानेच उघड होते. ज्याने पाहिले आहे त्याला 'नक्की' म्हणावे लागत नाही.

येथवर पाहिला तो खात्रीच्या कमीअधिकपणाचा जिना. परंतु जपानी व्याकरणाने मला जे खरोखर शिकवले ते याच्या पलीकडचे आहे. ही भाषा 'किती खात्री?' एवढेच विचारून थांबत नाही. 'कशावरून?' हेही विचारते.

आकाशात ढग दाटलेले पाहून पाऊस येईलसे म्हणायचे, तर 'फुरि सो देस्'. कोणाकडून तरी ऐकून पाऊस येणार म्हणे, असे सांगायचे, तर 'फुरु सो देस्'. फरक केवळ 'रि' आणि 'रु'चा. पहिल्यात साक्षीला स्वतःचे डोळे, दुसऱ्यात दुसऱ्याचे तोंड. एका स्वराने साक्षीदार बदलतो. ऐकीव बातमी डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगणे हा या भाषेत आधी व्याकरणाचा दोष ठरतो, मग नीतीचा.

यांच्या अधेमधे आणखी दोन पायऱ्या आहेत. अंगणातली जमीन ओली दिसली, तर 'रात्री पाऊस पडलेला दिसतो' या अर्थी 'योदेस्' येते, आणि सलगीच्या बोलण्यात 'मिताइ'. पुराव्यावरून केलेला हा स्वतःचा तर्क. तोच तर्क काहीसा दूर उभे राहून, जबाबदारी अंगाला फारशी लावून न घेता सांगायचा तर 'राशिइ'. बाजारात कानावर आलेल्या, अनेकांच्या तोंडून गाळून आलेल्या बातमीला हा शब्द शोभतो. वृत्तपत्रांनी याकरिता आपली वेगळी वाट काढली आहे. अपघाताचे वा गुन्ह्याचे कारण सिद्ध झालेले नसेल तेव्हा 'तो मिरारेरु', म्हणजे 'असे मानले जाते', अशी शेपटी बातमीला लावतात.

वाचकहो, हे सारे परके वाटते का? मला तर मराठीचीच ओळख नव्याने पटली. 'पाऊस पडला', 'पाऊस पडला असेल', 'पाऊस पडला असावा', 'पाऊस पडलेला दिसतो', 'पाऊस पडला म्हणे'. आपल्या आजीच्या बोलण्यात ही पाच वाक्ये कधी एकमेकांच्या जागी येत नसत. 'असावा' म्हणताना तिच्यापाशी काही खूण असे आणि 'म्हणे' म्हणताना ती सांगणाऱ्यावर सारी भिस्त ठेवून स्वतः मोकळी राही. हे साहित्य आपल्या घरात आहेच. व्यवहाराची पत्रे लिहिताना मात्र आपण ते फडताळात ठेवून देतो.

जपानी भाषेचा आणखी एक संकेत मला फार हृद्य वाटला. 'मला एकटे वाटते' असे जपानीत सरळ म्हणता येते. पण 'आईला एकटे वाटते' असे त्याच साध्या रूपात म्हटले तर ते कानाला खटकते. दुसऱ्याच्या मनात आपण शिरलेलो नसतो, म्हणून तेथे 'आईला एकटे वाटत असल्यासारखे दिसते' असेच म्हणावे लागते. कथा-कादंबऱ्यांतील निवेदकाला यातून सूट आहे. संसारी माणसाला नाही. आपल्या घरात रोज कितीतरी वेळा आपण म्हणतो, 'तिला राग आला आहे', 'त्याला काही पडलेली नाही', 'सूनबाईंना आवडलेले नाही'. यातले आपण खरोखर किती जाणतो? 'राग आलेला दिसतो' एवढा एक शब्द वाढवला असता तर काही घरांतले अबोले टळले असते, असे मला वाटते. पाहा, हेही मी 'वाटते' म्हणूनच लिहिले.

ही सवय आजची नव्हे. हजार वर्षांपूर्वीच्या अभिजात जपानीत अनुमानाची रूपे आजच्याहून अधिक होती. जे अजून घडायचे आहे त्याच्या अनुमानाला 'मु', जे या क्षणी नजरेआड घडत असेल त्याला 'रामु', जे होऊन गेले असेल त्याला 'केमु'. तिन्ही काळांसाठी तीन वेगळी रूपे. डोळ्यांना दिसते त्यावरून बोलण्यासाठी 'मेरि' आणि कानावर आले त्यावरून बोलण्यासाठी 'नारि' ही आणखी दोन. दहाव्या शतकातील कवी कि नो त्सुरायुकी याने 'तोसा निक्कि' ही दैनंदिनी एका स्त्रीच्या मुखाने लिहिली. त्या काळी दैनंदिनी लिहिणे हे पुरुषांचे काम मानले जाई. म्हणून पहिल्याच वाक्यात पुरुषांच्या त्या रिवाजाविषयी तो ऐकीव रूप वापरतो. स्त्रीचे सोंग घेतले, तर तिच्या ज्ञानाची मर्यादाही घेतली पाहिजे, हे त्या कवीला ठाऊक होते.

तीन काळांची ही तीन रूपे शिकताना मला दशवैकालिक सूत्राचे सातवे अध्ययन आठवले. त्याचे नावच वाक्यशुद्धी. भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांविषयी जे निश्चित ठाऊक नाही किंवा ज्याची शंका आहे, त्याबद्दल 'हे असेच आहे' असे साधूने बोलू नये, असा दंडक तेथे सांगितला आहे. उद्या आम्ही जाऊ, अमुक करू, असे निश्चयाने बोलण्यासंबंधीही तेथे सावध केले आहे. दंडक साधूंसाठी आहे हे खरे. तरी भाषासमितीचे नाव आपण जन्मभर ऐकत आलो आणि ती आपल्या खतावणीपर्यंत पोहोचू दिली नाही, असे तर झाले नाही?

येथे एक खुलासा आवश्यक आहे. 'स्यात्' म्हणजे 'कदाचित', आणि म्हणून स्याद्वाद म्हणजे संशयवाद, असा समज अधूनमधून ऐकू येतो. तो बरोबर नाही. 'स्यात्' म्हणजे 'एका अपेक्षेने'. त्या अपेक्षेपुरते विधान निश्चितच असते. जपानी शेपट्या अपुऱ्या ज्ञानाची कबुली देतात, स्याद्वाद वस्तूच्या अनेक बाजूंची जाणीव देतो. दोन्ही एकच आहेत असे मी म्हणणार नाही. इतकेच म्हणेन की आपल्या वाक्याला सीमा असते, हे दोन्हींना मान्य आहे.

आता कोणी विचारील, जिथेतिथे शंका जोडत बसणे खरेच हिताचे का? याचे उत्तर जपानच्याच अनुभवात आहे. तेथील हवामानाचे वृत्त ऐकले तर जवळजवळ प्रत्येक वाक्य 'देशो'ने संपते : उद्या ढगाळ राहील देशो, सायंकाळी पाऊस येईल देशो. त्याच्या जोडीला आकडाही असतो. तेथील हवामान खात्याने १९८० साली तोक्योसाठी पावसाची शक्यता टक्क्यांत सांगायला सुरुवात केली. '३० टक्के' याचा अर्थ असा की हाच अंदाज शंभर वेळा दिला तर सुमारे तीस वेळा एक मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडेल. पाऊस किती पडेल, हे तो आकडा सांगत नाही. आकडे दहाच्या पटीत देतात, त्यामुळे शून्य टक्के म्हणजे पाच टक्क्यांहून कमी, 'मुळीच नाही' असे नव्हे. छत्री घ्यायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. शंका आणि तिचे माप दोन्ही समोर ठेवण्याची ही रीत व्यापाऱ्याला पटावी अशीच आहे.

पण ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ईशान्य जपानच्या किनाऱ्यापाशी प्रचंड भूकंप झाला. तीनच मिनिटांत त्सुनामीचा इशारा निघाला. त्यात लाटांच्या उंचीचे आकडे होते : मियागी प्रांतात सहा मीटर, इवाते आणि फुकुशिमा प्रांतांत तीन मीटर. भूकंपाची तीव्रता त्या घाईत ७.९ धरली गेली होती. प्रत्यक्षात ती ९.० होती. पुढे आकडे वाढवले गेले, परंतु तोवर अमूल्य मिनिटे गेली होती. लाटा पहिल्या आकड्यांहून कितीतरी उंच आल्या. 'तीन मीटर' हे शब्द ऐकून आपला बांध पुरेसा आहे असे ज्यांना वाटले असेल, त्यांच्यासाठी तो आकडाच घातक ठरला. आकडा नेमका होता, पण त्याच्यामागचे ज्ञान नेमके नव्हते.

या अनुभवानंतर मार्च २०१३ पासून इशाऱ्याची भाषा बदलली. भूकंप अतिप्रचंड असेल आणि त्याची तीव्रता लगेच नक्की सांगता येत नसेल, तर पहिल्या इशाऱ्यात आकडा द्यायचा नाही. त्याऐवजी 'क्योदाइ', म्हणजे अजस्र, आणि 'ताकाइ', म्हणजे उंच, असे शब्द वापरायचे. जे ठाऊक नाही त्याचा आकडा देऊ नये, पण जे ठाऊक आहे ते मोठ्याने सांगावे. एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेनेही आपल्या निवेदनाचा सूर बदलला. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला तेव्हा तेथील निवेदिकेच्या तोंडी 'देशो' नव्हते. तिच्या चढलेल्या आवाजात आज्ञा होती : आत्ताच्या आत्ता पळा.

यातून मी एक धडा घेतला. लाट किती उंच येईल ही ज्ञानाची गोष्ट आहे. तेथे शंका प्रामाणिकपणाची. माणसाने काय करावे ही कर्तव्याची गोष्ट आहे. तेथे शंकेचा आडोसा घेणे हा अपराध. या दोन गोष्टींची गल्लत झाली की मऊ भाषा हीच पळवाट होते.

आणि ती पळवाट जपानी व्यवहारातही आहे, हेही सांगितले पाहिजे. 'केन्तो शिमास्', म्हणजे 'विचार करून पाहतो', हे उत्तर कधी खरोखर विचाराचे असते आणि अनेकदा सौम्य नकाराचे. 'मुझुकाशिइ', म्हणजे 'अवघड आहे', हे तर पुष्कळदा 'नाही'चेच सभ्य रूप. शिवाय स्वतःचे पक्के मतही जपानी माणूस 'तो ओमोइमास्', म्हणजे 'असे मला वाटते', असे म्हणून मऊ करतो. तेथे त्याला शंका नसते, समोरच्याचा मान राखायचा असतो. म्हणून शेपटी दिसली की शंका आहे, एवढ्यावर न थांबता बोलणारा कोण, प्रसंग कोणता, हे पाहावे लागते. आमचे कोबेचे नातलग यावर साधा उपाय सांगतात : 'केन्तो' ऐकले की विनयाने विचारावे, "मग केव्हा कळवू शकाल?" तारीख मिळाली तर विचार चालू आहे. तारीख मिळाली नाही तर नमस्कार करून दुसऱ्या ग्राहकाकडे वळावे.

परदेशाशी पत्रव्यवहार करणाऱ्या आपल्या तरुणांनी चार गोष्टी ध्यानी धराव्यात. भाषांतराच्या साधनात मराठी वाक्य घालण्यापूर्वी स्वतःला विचारावे : हे मी पाहिले आहे, हिशेबाने काढले आहे, की ऐकले आहे? जे उत्तर येईल ते वाक्यात स्पष्ट लिहावे. 'पोहोचेल' एवढेच न लिहिता 'जहाज कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे पंधरा तारखेला पोहोचणे अपेक्षित आहे' असे लिहिले तर साधनही बहुधा चुकणार नाही. अंदाज बदलला तर ग्राहकाने विचारण्याआधी कळवावे. आणि जे सर्वस्वी आपल्या हातात आहे, म्हणजे मालाची प्रत, वजन, आर्द्रता, त्याविषयी शंकेची शेपटी कधीही लावू नये. गोणी आपण शिवली असेल तर तिच्या आत काय आहे हे 'असावे' म्हणून सांगता येत नाही.

मी पुण्याच्या एका शिक्षिकेकडे घरबसल्या जपानी शिकले. जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाच पातळ्या असतात. आज सांगितलेल्या बहुतेक शेपट्या खालून दुसऱ्याच, म्हणजे चौथ्या, पातळीच्या अभ्यासात भेटतात. लहान मुलाला जेवणाचे आणि वाटेचे शब्द आधी शिकवावेत तशी ही भाषा शंकेचे शब्द लवकर शिकवते.

माझे पहिले जपानी पत्र दिलगिरीचे होते. त्या कारखान्याला मी लिहिले की आम्ही जे वेळापत्रक म्हणून सांगायला हवे होते ते वचन म्हणून सांगितले, आणि उशीर होतो आहे हे कळल्यावरही लगेच लिहिले नाही. पहिली चूक भाषेची होती, दुसरी आमची. दुसरी चूक लिहून काढताना मामंजी शेजारी बसले होते. त्यांनी ती ओळ मराठीत मोठ्याने वाचून घेतली आणि म्हणाले, "हं. आता हिशेब जुळला."

उत्तर यायला तीन आठवडे लागले. मागणी लहान होती, पाच टनांची. पत्राच्या शेवटी एक वाक्य होते, सांगलीचे यंदाचे हळदीचे पीक उत्तम आहे म्हणे. त्याचा शेवट होता 'योइ सो देस् ने'. सहा हजार किलोमीटरवरच्या त्या गृहस्थाने आमचे शेत पाहिलेले नव्हते. म्हणून त्याने स्तुतीही ऐकीव म्हणूनच केली, तसूभर अधिक नाही.

मी मामंजींना विचारले, उत्तरात काय लिहू? ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, "निम्मा माल आपण पाहिला आहे. तो चांगला आहे असे लिही. उरलेला अजून बाजारात यायचा आहे. तो चांगला असायला हवा असे लिही."

मी 'हाझु देस्' लिहिले आणि पत्र पाठवले.